न दाबलेलं बटन

मी एक जुना कीबोर्ड आहे. अड्याळच्या बाजारात भय्याजींचं कॉम्प्युटर सेंटर आहे, तिथे खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी अक्षरं पांढरीशुभ्र होती. आता त्यातली बरीच पुसली गेली. मित्रांनो, त्याचं मला दुःख नाही. शिकणाऱ्यांच्या बोटांनीच ती पुसली आहेत.

माझ्यावर सर्वांत हलका हात खुशबूचा. लिपिकाच्या नोकरीसाठी भंडाऱ्याला तिची टायपिंगची परीक्षा होती, म्हणून ती रोज सरावाला येई. सराव झाला की सेंटरमधली मुलं इंटरनेटवरची एक चाचणी खेळत. ठरलेल्या वेळात स्पेसचं लांब बटन जास्तीत जास्त वेळा दाबायचं. आकडे भय्याजी फळ्यावर लिहीत. सर्वांत वर खुशबू, सर्वांत खाली नववीतला जीवन.

जीवनला ते खुपू लागलं. एके दुपारी त्याने कुठूनसा आपोआप बटन दाबणारा एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. तो चालू केला आणि पडद्यावरचे आकडे सुसाट धावू लागले. माझ्यावर बोट नाही, माझी टकटक नाही! मला कसंसंच झालं. जे काम मी केलंच नव्हतं ते माझ्या नावावर खपत होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. भय्याजींनी तो आकडा पाहिला आणि कौतुकाने जीवनचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं.

गोष्ट त्याच्या वडिलांपर्यंत, टिकारामपर्यंत गेली. धानाच्या बांधीतलं काम सोडून ते तसेच सेंटरवर आले. "मले बी दाखव ना बाबू, कसा दाबतं त."

जीवनने गुपचूप प्रोग्राम चालू केला आणि बोटं माझ्यावर नुसती नाचवली. आकडा पाहून टिकारामचा चेहरा फुलला. बाजूला उभी असलेली खुशबू मात्र माझ्याकडे पाहत होती. टिकाराम गेल्यावर ती हळूच म्हणाली, "जीवन, बटन त दबलंच नाही."

"दबलं!"

"मंग आता दाब."

जीवनने रागाने दाबायला सुरुवात केली. बोटं थकली तसा तो मुठीने मारू लागला. माझ्या आत काहीतरी फाटलं. बटन लुळं पडलं, कितीही दाबलं तरी लागेना.

खुशबूने वाक्य टाइप करून पाहिलं. शब्द एकमेकांना चिकटले. परीक्षा तोंडावर आलेली, आणि सेंटरमधला दुसरा कॉम्प्युटर कीबोर्डसकट दुरुस्तीला गेलेला. ती रागावली नाही. नुसती खुर्चीवर बसून राहिली. जीवनला तिच्याकडे बघवेना.

"भय्याजी, पेचकस द्या," तो म्हणाला. मला उलटं करून दोघांनी स्क्रू काढले आणि मला उघडलं. स्पेसच्या बटनाखालची रबराची टोपी फाटली होती. कोपऱ्यातल्या एका बिनकामाच्या बटनाची टोपी काढून जीवनने ती तिथे बसवली. संध्याकाळी खुशबूचा सराव पुन्हा सुरू झाला. बटन थोडं कडक झालं होतं, पण चालत होतं.

बाजाराच्या दिवशी टिकाराम पोराचा पराक्रम दाखवायला आपल्या मित्राला, धनीरामला घेऊन आले. जीवन फळ्याजवळ उभा होता.

"बाबा, तो आकडा माहा नोहोता. कॉम्प्युटरच आपोआप दाबून राहिला होता."

"काहून केलं असं?"

जीवन माझ्यासमोर बसला आणि सर्वांदेखत बटन दाबू लागला. या वेळी प्रत्येक टकटक माझी होती. आकडा आला तो सगळ्यांपेक्षा कमी.

धनीराम उगाच बाहेर पाहू लागला. भय्याजींनी जीवनचं वरचं नाव पुसलं, पण खाली लिहिताना त्यांचा खडू थबकला.

"लिहा ना भय्याजी," टिकाराम म्हणाले. "खालीच लिहा. पण पुरं नाव लिहा. बापाचं बी."

खुशबू परीक्षा देऊन आली आहे. निकाल अजून यायचा आहे आणि मीही तिच्याइतकाच अस्वस्थ आहे. मित्रांनो, माझ्यावर मुठी आपटू नका, मी मोडतो. बोटं मात्र जरूर ठेवा. ती कितीही हळू चालोत, मी त्यांना साथ देईन.