पुंगळीचं बूड

माझं तोंड वाईट हाय म्हणत्यात. असू दे की! डोळा माझ्या नवऱ्याचा गेलाय, म्हणणाऱ्यांचा न्हाय.

आमचं मालक, बाबालाल, कोल्हापुरात बंदुका दुरुस्त करत्यात. शाहूवाडीकडल्या हंबीररावांकडं शिकारीची मॅग्नम रायफल होती. तिची काडतुसं विलायतेतनं यायची, ती बंद झाली. मग हे दुसऱ्या जाड काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून तिच्या मापाच्या करायचे. दाबलं की पितळ कडक होतं, तोंडाला चिरतं. म्हणून पुंगळ्या परातीत पाण्यात उभ्या करायच्या आणि नुसतं तोंड तापवून मऊ करायचं. बूड पाण्यात गार. "मलिका, बार उडतो तवा सगळा जोर बुडावर येतो. बूड मऊ पडलं की मेलोच," असं म्हणायचे. परात माझी, कणकीची. त्यावरनं मी रोज भांडायची.

एकोणसत्तर साल असंल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हंबीररावांच्या घरी हत्यारं पूजत्यात. त्यांनी ह्या तयार पुंगळ्याबी पूजेला नेल्या. दसरा झाल्यावर दारू आणि गोळी भरायला परत आणून दिल्या. नव्या भांड्यागत चकाकत होत्या. ह्यांनी भरल्या. ह्यांचा एक नेम होता, पहिला बार आपण उडवायचा, मगच माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गावाबाहेरच्या खाणीत जाऊन उडवला. पुंगळीचं बूड फाटलं, आग मागं तोंडावर आली आणि उजवा डोळा गेला.

दवाखान्याच्या दारात हंबीरराव चार माणसांत म्हणाले, "बाबालालचा हात कच्चा झाला आता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या हातावर आमचं घर चालतंय, आणि म्हणं कच्चा!

आत त्यांची बायको तानाबाई खाटंपाशी बसून रडत होती. बिचारी म्हणाली, "बाबालालभाऊ, नवमीला किती जीव लावून घासल्या वो मी त्या. चिंच लावून धुतल्या. आत पाणी राहिलं म्हणून चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवल्या, वाळाव्यात म्हणून. काळ्या पडल्या, तर परत घासून लखलखीत केल्या. तरी असं कसं झालं?"

बुडासकट तापवल्या होत्या बाईनं. तिला काय ठाऊक!

ती तांब्या भरायला उठली तसं ह्यांनी माझं मनगट धरलं. "गप बस. त्यो माणूस कसा हाय ते तुला म्हाईत हाय. तिला घरात ठेवायचा न्हाय."

"आणि तुमचं नाव?"

"ते गेलं डोळ्यासंगं."

मी काय गप बसणारी व्हय? हात सोडवला, भाईर गेले आणि सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं. हंबीररावांनी ऐकून घेतलं. तानाबाई भरला तांब्या घेऊन येत होती. तिला एवढंच म्हणाले, "गाडीत बस." तिथनं तिला थेट कुरुंदवाडला, माहेरी सोडली. परत आणलीच न्हाय.

आमची गिऱ्हाइकं परत आली. एका डोळ्यानं हे काम करत्यात, लोक नाव काढत्यात. पर त्या दिवसापास्नं माझ्याशी बोलणं बंद हाय. वाढलं तर जेवत्यात, तेवढंच.

मी खोटं बोलले का, सांगा की! ह्यांनाबी मी रोज जेवताना हेच विचारते. हे खाली मान घालून भाकरी मोडत्यात.