सासूबाईंचा आकडा

सासूबाईंचं काही दुखलं नाही, असा दिवस त्या घरात कधी उजाडला नव्हता. सुई टोचली तरी सुरी खुपसल्याचा कांगावा, आणि साधी सर्दी झाली की निरवानिरवीची भाषा. सून भूलतज्ज्ञ डॉक्टर. हे दुखणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायला ती केव्हाच शिकली होती.

तिच्या संशोधनाचा विषय नेमका दुखण्याचाच, ही नशिबाची थट्टा. पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेशेजारी बारीक नळी ठेवायची, तिच्यातून बधिर करणारं औषध थेंबथेंब सोडायचं आणि रुग्ण कितपत सुखात राहतो ते पाहायचं. दुखण्याचा शून्य ते दहा यांतला आकडा नर्सने विचारायचा. रुग्ण सांगेल तो आकडा अखेरचा; चेहरा बघून त्यात कमीजास्त करायचं नाही. हा नियम सुनेनेच घातला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

सासूबाईंच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा घरच्या माणसाला अभ्यासात घ्यायला तिने आढेवेढे घेतले. सासूबाई उसळल्या, "जगाला नळ्या घालतेस, मीच तेवढी नको?" विचारणारी नर्स परकी आहे म्हणून विभागप्रमुखांनीही मान डोलावली.

ऑपरेशन झालं. नर्सने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "दोन." पुढेही रोज दोनच.

सुनेला आभाळ ठेंगणं झालं. "माझ्या सासूबाई दोन म्हणतात! आता कोणाची बिशाद आहे औषधाला नावं ठेवायची?" असं ती कॅन्टीनमध्ये ज्याला त्याला सांगत सुटली.

तिसऱ्या संध्याकाळी सासूबाईंची नाडी जलद लागली. सर्जनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आतला टाका सुटला नसेल ना? स्कॅन करून टाकू."

"उगाच कशाला?" सून म्हणाली. "टाका सुटला असता तर हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. मी ओळखते ना."

सर्जनने तिचा शब्द मानला. त्याने पोट दाबून पाहिलं तेव्हा सासूबाई छताकडे बघत गप्प पडून होत्या. सासूबाई आणि गप्प! एवढ्यावरूनच कुणीही शहाणं माणूस घाबरलं असतं.

सकाळी पोट फळीसारखं कडक झालं. सून स्ट्रेचरबरोबर धावत होती. "आई, इतकं दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

"अगं, नर्स म्हणाली, सुनेचं सगळं या आकड्यांवर ठरणार आहे." त्यांना धाप लागली होती. "जास्त सांगितला असता तर तुला नापास केलं असतं ना त्यांनी?"

टाका सुटलेलाच होता आणि विष अंगभर भिनलं होतं. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत.

सुनेने विभागप्रमुखांना गाठलं. "ते आकडे खोटे आहेत, सर. काढून टाका."

"रुग्ण सांगेल तो अखेरचा," ते हळू आवाजात म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

बाहेर बाकावर नवरा बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. "तू रोज तिथे होतीस. तुला कसं कळलं नाही?"

"त्या म्हणायच्या, फारसं दुखत नाही."

"आणि तू ते खरं मानलंस?"

तिला हुंदका आवरेना. "हो," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच."