लिहिणार : भुजंग मुन्शी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भुजंग मुन्शींना कामावरून काढून टाकण्यात आलं. सव्वाअकराला ते बाहेरून चूळ भरून आले, आपल्या खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि असं काही घडलेलंच नाही असं ठरलं. ठरवणारे ते एकटेच होते, पण हरकत घ्यायला ऑफिसात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. ताराताई वकील फोनवर होत्या. तेव्हा आपणही तो विषय इथंच सोडू.

तर मुन्शी कामावर होते. सत्तावीस वर्षं होते. दावे लिहिणारे कारकून म्हणून, आधी दीनानाथ वकिलांकडे, आणि वकीलसाहेबांनी काळा कोट खुंटीला लावल्यावर त्यांच्या लेकीकडे, म्हणजे ताराताईंकडे. तालुक्यातला कुठला बांध कुठं वळतो हे बघायला तलाठ्याला दप्तर उघडावं लागे. मुन्शी डोळे मिटून सांगत. जमिनीच्या दाव्यात चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना कोण आणि काय. ती मुन्शी पक्षकाराला विचारत नसत. एसटीनं गावी जात आणि त्याच्या शेजाऱ्याला विचारत.

"आपल्या बांधाबद्दल कुणी खरं सांगत न्हाई," ते म्हणत. "शेजारी शिव्या देत देत का होईना, बराबर सांगतो."

दाव्याच्या शेवटच्या पानावर, अगदी खाली, ते बारीक अक्षरात टंकत : लिहिणार – भुजंग मुन्शी. कायद्याला त्याची गरज नव्हती. दीनानाथ वकिलांनी एवढी हौस चालवून घेतली होती.

दोन हजार चारच्या जूनमध्ये ताराताईंनी नवी व्यवस्था आणली. दावे इथं लिहायचे नाहीत. पक्षकारांची नावं कंप्यूटरवरून हैदराबादच्या एका कंपनीला धाडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दावा तयार. निजामाच्या राज्यात इथला कागद हैदराबादला जात होता. त्यापायी लोक तुरुंगात गेले, पोलिस ॲक्शन झाली, मुक्ती मिळाली, आणि छप्पन्न वर्षांनी कागद पुन्हा हैदराबादच्या वाटेला लागला. या खेपेला रस्त्यावर कुणी उतरलं नाही.

कंपनीनं एक नमुना मागितला. ताराताईंनी मुन्शींचा सगळ्यात देखणा दावा पाठवला. संपतचा, भावाविरुद्धचा. गट नंबर एकशे बारा, क्षेत्र दोन एकर. पूर्वेस ओढा, पश्चिमेस पांदण, उत्तरेस रखमाजीची विहीर, दक्षिणेस म्हसोबा. मुन्शींना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

तयार दावे येऊ लागले तेव्हा मुन्शींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. चूक चष्म्यात नव्हती.

"ताराताई, हा माणूस घनसावंगीकडचा. ह्याच्या शेताला म्हसोबा कुठून आला?"

"काका, ते सिस्टीमनं केलंय."

"सिस्टीम आल्ती का शेतात?"

"काका, तुम्ही आता फक्त टाचण्या लावा. वाचत बसू नका."

मुन्शींनी दुपारी एसटीडी बूथवरून हैदराबादला फोन लावला. "हॅलो, हे म्हसोबा तुमी बसवून राह्यले का?"

पलीकडची बाई हसली. ती बेबीनंदा, मूळची आष्टीची, लग्न होऊन हैदराबादला गेलेली. कंपनीत मराठी वाचता येणारी ती एकटीच.

"काका, मला नावं बदलायला सांगितलंय, मी नावं बदलते. बाकी गट नंबरापासून म्हसोबापर्यंत समदा साचा. त्याला हात लावला का स्क्रीन लाल होते."

"अवं पण बाई, एवढ्या शेतांना एकच म्हसोबा?"

"मला बी वाटलं, देवस्थान मोठं दिसतंय." तिनं आवाज खाली आणला. "काका, आष्टीचा बाजार भरतो का हो अजून?"

"भरतो ना. बिलकुल भरतो."

"बरं. ठेवते मंग. इथं बोललेलं मोजून राह्यले."

नोव्हेंबरपर्यंत एक्केचाळीस दावे दाखल झाले आणि एक्केचाळीस तात्पुरते मनाई हुकूम मिळाले. समोरच्या वकिलांच्याही काही लक्षात आलं नाही, कारण त्यांनीही तीच कंपनी लावली होती. वाद आणि प्रतिवाद एकाच खोलीत तयार होत, बहुधा बेबीनंदाच्याच हातून. तिचं स्वतःशी भांडण चांगलं रंगत होतं.

गेल्या गुरुवारी कोर्ट कमिशनर मोजणीदाराला घेऊन संपतच्या शेतावर गेले. कागद दाखवायला मुन्शी बरोबर होते. नोटिसा सगळ्यांनाच गेल्या होत्या. घनसावंगीकडून जीपगाड्या भरून आल्या, अंकुशनगरच्या बाजूनं उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला, त्यात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ मांडीला मांडी लावून बसले होते. संपत बांधावर उभा होता.

"मुन्शी, जत्रा कशाची ही?"

"हे मालक हायेत."

"कशाचे?"

"तुझ्या शेताचे."

प्रत्येकाच्या हातात शिक्क्याचा हुकूम होता की, गट नंबर एकशे बारात दुसऱ्या कुणी पाऊल टाकू नये. कमिशनरांनी सात-आठ हुकूम वाचले, मग आपला स्वतःचा पाय शेतातून हळूच मागं घेतला. शेवटी सगळे पांदणीच्या वाटेवर उभे राहून शेताकडं बघत राहिले. कापूस फुटून लोंबत होता. संपतची बायको दुर्गाबाई वेचणीला ओटी बांधून आली, तिला बेलीफानं अडवलं.

"बाई, मनाई हाय."

"कुणाची?"

"समद्यांची."

परत निघताना संपत मुन्शींना शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "तुमी लिवलंय म्हनून मी निर्धास्त होतो."

शुक्रवारी कोर्टात विचारणा झाली की, हे लिहिलं कुणी? ताराताईंनी शेवटचं पान उलटलं. लिहिणार – भुजंग मुन्शी. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दाव्यांवर. नमुन्याबरोबर तेही साच्यात गेलं होतं. एवढा मोठा पुरावा समोर असताना ताराताईंना हैदराबाद आठवण्याचं कारण नव्हतं.

आणि सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी जे घडलं नाही, ते त्यामुळे घडलं नाही.

ताराताईंनी फोन ठेवला. "काका? तुम्ही अजून इथंच?"

"टाचण्या लावून राह्यलो."

प्रिंटर घरघरला. बेचाळिसावा दावा आला. मुन्शींनी या वेळी शेवटचं पान आधी पाहिलं. "ताई, ह्याच्यावर बी माझं नाव हाये."

"मी सांगितलंय त्यांना. म्हसोबा पुढच्या महिन्यात काढतील. नाव साच्यात आहे, ते निघत नाही म्हणतात."

"म्हंजी मी कामावर हाये."

"कागदावर, काका." ताराताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लहानपणी त्या मुन्शींच्या सायकलच्या नळीवर बसून शाळेत जात असत. तेव्हाही त्यांना मागं वळून बघता येत नसे. "इन्व्हर्टर येतोय आज. त्याची बॅटरी ठेवायला तुमच्या कोपऱ्याशिवाय जागा नाही."

बॅटरी आली. दोन माणसं ती उचलून घेऊन आली आणि मुन्शींना म्हणाली, "चाचा, जरा जल्दी उठा, वजन हाये." मुन्शी जल्दी उठले. खुर्ची बाहेर गेली, तिच्या जागी बॅटरी बसली. ती बसलेली बरी दिसत होती.

मुन्शींनी कोर्टाच्या आवारात जाऊन, भिंतीला कागद टेकवून, उभ्यानंच अर्ज लिहिला. हातानं, मराठीत. कंपनी फक्त इंग्रजीतले ई-मेल घेते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाकिटावर तिकीट नीट, सरळ चिकटवलं.

"मा. व्यवस्थापकसाहेब, हैदराबाद यांचे सेवेशी.

अर्जदार हा सत्तावीस वर्षे मुन्शी होता. अर्जदारास कामावरून कमी करण्यात आले असून अर्जदाराचे नाव मात्र अद्याप कामावर हजर आहे व रोज दावे लिहीत आहे. सदर नावाच्या लिखाणाबाबत लोक अर्जदारास जाब विचारतात, व अर्जदारास खरे उत्तर ठाऊक असूनही ते कोणी ऐकून घेत नाही. सबब विनंती की, नाव जेथे बसले आहे तेथे अर्जदारासही बसू द्यावे. ते शक्य नसल्यास, सदर नाव अर्जदाराचे ताब्यात परत देण्याचा हुकूम व्हावा."