खाटेपाशी उभं राहून

रात्रीची सिस्टर खाटेच्या उजवीकडे उभी राहिली, दिवसाची डावीकडे, आणि दोघींनी पेशंटलाच विचारलं, "काका, झोप लागली का?"

"मला लागली. माझ्या घोरण्यानं हिची उडाली," काका स्टुलावरच्या बायकोकडे हात करत म्हणाले.

दोघी हसल्या. रात्रीच्या सिस्टरनं चालू औषधं सांगितली, पायाची सूज दाखवली. दिवसाच्या सिस्टरनं वाकून पाय स्वतः चाचपून पाहिला. स्टुलावर बसलेल्या मोठ्या बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

निवृत्त होईपर्यंत या वॉर्डाच्या प्रमुख त्याच होत्या. त्यांच्याआधी ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती एकमेकींना द्यायची ती चहाच्या खोलीत, दार लावून. अर्धं कपात राही, अर्धं गप्पांत. बाईंनी फर्मान काढलं, ड्यूटी द्यायची ती खाटेपाशी, पेशंटच्या समोर, त्याला विचारून. केवढा गहजब झाला! सिस्टर्स रुसल्या, डॉक्टरांनी 'नवं खूळ' म्हणून नाकं मुरडली. बाई मात्र हात धुऊन मागे लागल्या. रोज स्वतः खाटेमागून खाटेपाशी उभ्या राहिल्या, शिव्याशाप खाल्ले, तेव्हा कुठे ते अंगवळणी पडलं. आता नवऱ्याच्या पायात रक्ताची गाठ झाल्यामुळे पुन्हा इथे आल्या, तर सगळं जसंच्या तसं! दुखण्याच्या त्या दिवसांतही त्यांना मनातून फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेपाशी आवाज चढला. तिथे एक म्हातारे ड्रायव्हर होते. त्यांचं आज पोटाचं ऑपरेशन होतं. न्यायला ट्रॉली आली तेव्हा ते चहात बिस्किट बुडवून खात होते. उपाशी ठेवायचं होतं, हे रात्रीच्या सिस्टरला ठाऊक होतं, दिवसाच्या सिस्टरला नव्हतं. ट्रॉली रिकामी परत गेली. ऑपरेशन उद्यावर पडलं.

म्हाताऱ्याची मुलगी रडकुंडीला आली. "रात्रभर कळवळत होते हो. आता आणखी एक दिवस काढायचा!"

"पण सकाळी दोघी सिस्टर खाटेपाशी आल्या, तेव्हा बोलल्या नाहीत?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे कुठे येतात? त्या फक्त तुमच्याकडे येतात. आम्हाला वाटलं, तुमची ओळख असेल."

बाई स्टुलावरून उठल्या. त्या तडक चहाच्या खोलीत गेल्या. आताची प्रमुख ही त्यांनीच हाताला धरून शिकवलेली. ती लगबगीनं उठली, बसायला खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"कधीपासून बंद आहे?"

प्रमुखबाईंनी उगाचच पदर सारखा केला. "तुम्ही गेल्यावर वर्षभर रेटलं, बाई. मग माणसं कमी झाली, खाटा वाढल्या. वरून कुणी विचारेना. एकेक दिवस राहत गेला."

"मग आमच्या खाटेपाशी काय चालतं ते?"

"मीच मुलींना सांगितलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुमचा मान आहे तो."

बाईंना वाटलं, हिच्या थोबाडीत द्यावी. इतकी वर्षं जीव काढला तो वॉर्डासाठी, आणि उरलं काय, तर एका म्हातारीची समजूत! पण पोरगी मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. बाई काकांच्या खाटेपाशी परतल्या.

संध्याकाळी काकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि रक्त पातळ करायचं, पोटात टोचायचं इंजेक्शन बंद करायला सांगितलं. रात्रीच्या सिस्टरनं मान डोलावली.

सकाळी बाईंनी स्टूल उचललं आणि ड्रायव्हरच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं.

"मोठ्या बाई, आम्हाला टाकून चाललात?" काकांनी विचारलं.

"आज तरी त्यांचं ऑपरेशन होऊ दे. तुम्ही पडून राहा निमूट."

ड्यूटी बदलायची वेळ झाली. दोघी सिस्टर दारातून आल्या, काकांच्या खाटेकडे वळल्या, बाई दिसल्या नाहीत म्हणून घुटमळल्या आणि सरळ ड्रायव्हरपाशी आल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. "काका, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही ना?" सगळं कसं चोख. कागद तपासले, उपाशी असल्याची पाटी खाटेला लावली. म्हाताऱ्याच्या मुलीनं बाईंचा हात घट्ट धरला. दोघी बाईंकडे पाहून हसल्या आणि चहाच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं ट्रॉली आली, म्हाताऱ्याला घेऊन गेली.

मुलगी ट्रॉलीमागे पळाली. बाई वळल्या. पलीकडे काका डोळे मिटून पडले होते. दिवसाच्या सिस्टरनं त्यांचा सदरा पोटावरून वर सारला होता. तिच्या हातात सुई होती.

"थांब!"

सिस्टर दचकली.

"ते इंजेक्शन काल बंद केलंय. हिरड्यांतून रक्त येतंय त्यांच्या."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, सदरा नीट खाली ओढला. काकांनी डोळे उघडून दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग सिस्टर एकदम सुटल्यासारखी हसली.

"तुम्ही आज तिकडे बसलात ना बाई, म्हणून घोळ झाला. उद्यापासून तुम्ही कुठे बसणार, ते आम्हाला आधी सांगून ठेवा."