विचारल्याशिवाय

“पुढच्या येळेस पंचायत समितीपासून सुरू करू,” हे म्हणाले. बशीत चहा ओतणाऱ्या इश्वरचा हात थांबला.

“पुढची येळ?” तो म्हणाला. “मधुकरभाऊ, पक्ष कुठी राहिला आता? एक खुर्ची तुमची, एक माही. माही बी मोडकी हाये.”

“मोडकी तं मोडकी. तुले बसाले कोणी मना केलं?”

एरवी इश्वर हसला असता. विधानसभेचा निकाल नुकताच लागला होता. आमच्या मुक्तजन पक्षाचे उमेदवार हेच होते, पंचाहत्तरीला आलेले. अनामतही वाचली नाही. सिहोऱ्यातल्या आमच्या घरापुढच्या छपरीत पूर्वी निकालानंतरची बैठक भरायची, तेव्हा चपलांचा ढीग पायरीखाली उतरायचा. हरल्यावर माणसं जास्तच यायची. आम्ही जावा परातीने पोहे वाढायचो आणि कोणाचं तरी भाषण पोह्यांच्या घासातच सुरू व्हायचं. त्यातले कितीक आता नाहीत. जे आहेत, ते दुसरीकडे गेले.

मी नवी नवरी होते तेव्हा लेव्हीचे दिवस होते. आपलाच धान नाक्यापलीकडे विकायला सरकारची परवानगी लागायची. ह्यांनी भर दुपारी बैलगाडीत पोती भरली, मला वर बसवलं आणि गाडी बपेऱ्याच्या नाक्यावर नेऊन उभी केली. शिपायाने पोत्याला हात घातला तसे हे म्हणाले, “आधी विचार. धान माहा हाये.” गाडी जप्त झाली, ह्यांना आत टाकलं, मी रडत पायी परतले. पण पुढे पक्ष उभा राहिला तो त्या शब्दांवरच. विचारल्याशिवाय कोणाच्या मालाला, कोणाच्या अंगाला, कोणाच्या अंगणाला हात लावायचा नाही, सरकारनेसुद्धा नाही. एवढंच सांगत हे जन्मभर हिंडले. लोक माना डोलवायचे आणि मत दुसऱ्याला द्यायचे.

इश्वरची बशी उचलताना मला त्याच्या कानामागे गुलाबी रंग दिसला. धुतलेला, पण केसांच्या मुळाशी राहून गेलेला. मी काही बोलणार, तोच दारापुढे गाडी थांबली.

चंद्रकुमार आत आला. निवडून आलेल्या भाऊसाहेबांचा इथला माणूस. याच्या बारशाला मी कुंची शिवली होती. मागे दोघेजण, एकाच्या हातात हार, दुसऱ्याने मोबाइल आधीच वर धरलेला.

“पाया पडतो, काका. काकू, साखर आणा, तोंड गोड करू.”

“जिंकले तुमी, साखर आमची कायले?” मी म्हटलं.

सगळे हसले. इश्वर मात्र उठून भिंतीला टेकला, जागा करून दिल्यासारखा. ही मंडळी येणार हे त्याला ठाऊक होतं, ते मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे निकालानंतर ज्याच्या कपाळावर जिंकणाऱ्याचा गुलाल, तो त्याचा माणूस. सही कोणी मागत नाही, फोटो पुरतो. मागच्या खेपेला आमच्याच वासुदेवरावांना भर बाजारात असा गुलाल लावला. दिवस मावळायच्या आत तालुकाभर झालं, वासुदेवराव तिकडे गेले. बिचारे मरेपर्यंत ‘मी नाही गेलो’ सांगत होते. ह्यांच्या कपाळाला तो रंग लागला असता, तर मुक्तजन पक्ष आमच्या छपरीतच, उष्ट्या कपांमध्ये, संपला असता.

चंद्रकुमारने गुलालाची मूठ उघडली. ह्यांनी कपाळावर आडवा तळहात धरला.

“विचारलं का मले?”

मोबाइलवाला खिदळला. चंद्रकुमार हसला नाही. लहानपणापासून तो ह्यांची भाषणं ऐकत आला होता.

“बरं, विचारतो,” तो गोड आवाजात म्हणाला. “काका, लावू का?”

ज्या प्रश्नासाठी हे आयुष्यभर भांडले, तो शेवटी कोणीतरी विचारला होता.

“नको,” हे म्हणाले.

चंद्रकुमारने मूठ मिटली. “ठीक आहे. तुमची मर्जी.” पायरी उतरता उतरता तो वळला. “पुंजणे अजून बांधीतच हायेत नं, काका? मळणी व्हाची हाये म्हणे. हवा सुटून राहिली. जपा.”

कापलेल्या धानाचे आमचे पुंजणे भातशेतात, बांधीत, रचून ठेवलेले होते, सगळं वर्ष त्यांच्यात होतं. मागच्या निवडणुकीनंतर शेजारच्या गावात मारोतरावांचे पुंजणे जळून गेले. आग कोणी लावली ते पोलिसांना कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं.

गाडी गेल्यावर इश्वर म्हणाला, “लावून घेतला असता तं काय झालं असतं, भाऊ? आंघोळ केली का धुतला जाते.”

“तुहा धुतला गेला का?”

इश्वरचा हात कानामागे गेला. “पोराची राइस मिल हाये,” तो म्हणाला. “भरडाईले सरकारी धान देणं बंद करतीन ते.”

“मी काही म्हटलं का तुले?”

ह्यांनी काठी आणि घोंगडं घेतलं. मी भाकरी बांधल्या.

“तू कायले?”

“तुमी नाही विचारलं मले. मीच येऊन राहिले.”

इश्वर फाटकाशी आला. “मी येऊ का जागलीले?”

“तुही मर्जी,” हे म्हणाले आणि चालू लागले. मागून पावलं ऐकू आली नाहीत.

बांधीत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खरंच हवा सुटली होती आणि पुंजण्यातला पेंढा सळसळत होता. हे पुंजण्याला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, जरा आडोशाला बसा. ऐकलं नाही.

गावाकडून एक मोटारसायकल आली. आमच्या शेताच्या धुऱ्याशी येऊन हळू झाली, मग तिचा दिवा विझला. इंजिन मात्र चालूच होतं.

ह्यांनी बॅटरी लावली, रस्त्यावरून दिसावं म्हणून आपल्याच तोंडावर धरली आणि तशीच धरून बसले.