वेल्ड मारलेला कॉलम

ताहिरचा फोन आला तेव्हा मी वांगी चिरत होते. ताहिर मूळचा चिपळूणकडचा, इथं मनाम्यात, नईमला, त्याचं गॅरेज आहे. फोनवर तो आधी तब्येत, मग हवापाणी, मग बाजारभाव असं करत करत मुद्द्यावर येतो. त्या दिवशी मात्र एका वाक्यात बोलला.

"वयनी, लगेच गॅरेजवर या. साहेब त्या जुन्या कॉलमला वेल्ड मारतायत."

मी गॅस बंद केला, गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. वांगी तशीच काळी पडत राहिली.

साहेब म्हणजे शिरीष, माझा नवरा. त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, निहारनं, छत्तीस सालची एक फोर्ड पिकअप दुरुस्तीला घेतली होती. बॉडी जुनी ठेवायची, आत दांडगं नवं इंजिन बसवायचं आणि रस्त्यावर धुमाकूळ घालायचा. त्याला हॉट रॉड म्हणतात, हे मला निहारनं शिकवलं. पुण्याहून शिरीषनंच त्याला व्हिसा काढून इकडं आणला होता. आमच्याकडेच राहायचा, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

मागच्या वर्षी झल्लाकच्या रस्त्यावर वाळूचा एक ट्रक आमच्या गाडीला आडवा आला. शिरीष चालवत होता, निहार शेजारी. निहार जागच्या जागी गेला. शिरीष बरगड्या मोडून घेऊन वाचला. हॉस्पिटलमध्ये तो मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचा. "स्टीअरिंगचा कॉलम मिटला, नीला. छत्री मिटते तसा आत गेला, म्हणून माझी छाती वाचली. तो एकदाच मिटतो. मग संपला."

ते ऐकून मी त्या लोखंडाच्या दांड्याला मनातल्या मनात हात जोडले होते. पुढं शिरीषनं तो भंगारातून शोधून आणला आणि गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत ठेवला, तेव्हाही मी त्याला अडवलं नाही. असू दे, म्हटलं. कोण काय जपून ठेवेल, सांगता येत नाही.

तेव्हापासून तो स्टीअरिंगला शिवला नव्हता. ऑफिसला सोडायला मी, आणायला मी. म्हणून त्यानं फोर्डचं काम परत सुरू केलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. शुक्रवारी सकाळी सखीरला, विद्यापीठाच्या पलीकडच्या उघड्या माळावर, हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात. तिथं तो स्वतः फोर्ड चालवत नेणार होता. फक्त कॉलम बसवायचा राहिला होता.

ताहिरनं त्यासाठी एक कॉलम शोधला होता. तो ज्या गाडीतला, तिला मागून धक्का बसला होता, त्यामुळं तो जसाच्या तसा राहिलेला. काळा, रंगाचे पोपडे निघालेला, पण चांगला. शिरीष रोज त्याच्यात खोट काढायचा. लांब आहे, ब्रॅकेट बसत नाही, दिसायला घाण आहे. मला त्यात नवल वाटलं नाही. हा माणूस मनाम्याच्या बाजारात पावशेर भेंडी घ्यायला अर्धा तास लावतो.

गॅरेजकडं गाडी चालवताना डोक्यात एकच घोळत होतं. मिटलेला कॉलम ओढून लांब केला आणि त्याला वेल्ड मारला, की तो पुन्हा मिटत नाही. नुसती सळई होते. समोरून काही आदळलं, की चालवणाऱ्याच्या छातीत घुसते. हे मला शिरीषनंच समजावलं होतं. म्हणजे आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं. मला भीती त्याचीच वाटत होती.

ताहिर गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. "मी नाय मारणार म्हटलं, तर मशीन ओढून स्वतःच बसले. आता फिट पण केलानी."

फोर्ड लालभडक चमकत उभी होती. शिरीष डॅशबोर्डखालून बाहेर आला आणि मला बघून दचकला.

"हा आपल्या गाडीतला कॉलम ना?" मी विचारलं.

"हो."

"तो मिटला होता."

"ओढून सरळ केला. वेल्ड मस्त बसलंय." माझ्याकडं न बघता तो हात पुसत राहिला. "लकी आहे तो, नीला. एकदा वाचवलंय त्यानं मला."

लकी! आमच्या लग्नात पत्रिका बघू नका म्हणून घर डोक्यावर घेणारा हा इंजिनीअर. मला त्यातलं एक अक्षर पटलं नाही. मी दार उघडलं आणि स्टीअरिंगसमोर जाऊन बसले. चावी लावलेलीच होती.

"छान. मग सखीरला मीच नेते. आत्ताच बघू कशी पळते."

"उतर."

"का? लकी आहे ना?"

"नीला, मस्करी नको."

मी चावी फिरवली. इंजिन असं गरजलं की गॅरेजचे पत्रे थरथरले. ताहिर "वयनी, वयनी" करत बाजूला झाला. क्लच पाय ठेवू देईना, गाडी उडी मारून गल्लीत आली. समोर मोठा रस्ता, त्यावर गाड्या सुसाट. मला ते इंजिन आवरत नव्हतं, आणि खरं सांगते, थांबायचंही नव्हतं. छातीसमोर तो दांडा होता आणि तेवढ्या वेळात तो काय करू शकतो ते मला पुरतं कळलं.

शिरीष धावत पुढं आला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडीच्या समोर उभा राहिला. मी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गुडघ्यांना टेकून थांबली.

"उतर!" तो ओरडला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "समोरून काही आलं तर मरशील तू!"

"आणि तू?"

बॉनेटवरचे हात त्यानं काढले. मग खिडकीपाशी आला.

"मी वाचायलाच नको होतो," तो म्हणाला. "चालवत मी होतो. माझ्यासमोर हा मिटला. निहारसमोर मिटायला काहीच नव्हतं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. वर्षभर रोज सकाळी मी ह्या माणसाला ऑफिसला सोडत होते, डबा दिला का, चष्मा घेतला का विचारत होते, आणि हे त्यानं मला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याचा इतका राग आला की रडूही येईना.

"पुण्याला आईंना फोन मी केला होता," मी म्हटलं. "तू शुद्धीवर नव्हतास. निहार गेला, हे मी त्यांना सांगितलं. तसा फोन मी पुन्हा करणार नाही, शिरीष. त्यापेक्षा इथं मीच बसते. मग तू कर फोन, माझ्या आईला. बघ, कसा होतो ते."

मागं कुणीतरी वैतागून हॉर्न वाजवत होतं. ताहिर धावत गेला आणि हातानंच त्याला थांबवत अरबीत म्हणाला, "शुवैया, शुवैया," म्हणजे जरा दमानं. शिरीषनं आत हात घालून इंजिन बंद केलं. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली, मी आत बसलेली असतानाच.

"उतर आता," शिरीष म्हणाला.

"आधी काढ तो."

"तू बसलेली असताना कसा काढू?"

"बसलेली असतानाच काढ."

त्यानं पाना घेतला. आधी इंजिनकडचा सांधा सोडवला, मग माझ्या पायांशी वाकून डॅशबोर्डखाली शिरला. एकेक बोल्ट किरकिरत फिरत होता. मध्येच पाना थांबायचा. त्याचे खांदे हलत होते, आणि माझी साडी गुडघ्यापाशी ओली होत होती. ताहिर आमच्याकडं पाठ करून उगाच पाने पुसत उभा राहिला.

शेवटचा बोल्ट निघाला आणि चाक एकदम सैल झालं. कॉलमचं सगळं वजन माझ्या मांडीवर आलं. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. मी तो दोन्ही हातांनी कवटाळून धरला.

"ताहिर," शिरीष खालूनच म्हणाला. "तो काळा कॉलम आण."