तिसऱ्या मजल्यावरची ट्यूब

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गजकर्णाची ट्यूब एकच, आणि ती माझ्याकडे. कुणाला खाज सुटली की दार वाजायचं, "बकुळा, ट्यूब दे गं." चार दिवसांनी खाज थांबली की ट्यूब परत. मी ती मोठ्या तोऱ्यात द्यायचे, जसा काही माझाच दवाखाना.

मग ते माझ्याच मनगटांवर उठलं. मला सात वर्षांपासून डायबेटिस. ट्यूब लावली की थांबायचं, सोडली की दुप्पट उठायचं. तेवढ्यात भाऊ शंतनूला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. तिला आत्या मी एकटीच. बारशाला भाचीला मांडीवर घ्यायचं, एवढ्यासाठी मी परळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी त्वचा खरवडून तपासायला पाठवली, साखर बघितली आणि विचारलं, "ट्यूब किती दिवस लावता?"

"खाज थांबेपर्यंत."

"आणि कोण कोण लावतं?"

मी घरं मोजायला लागले. सातव्या घराला त्यांनी हात वर केला. "बाई, ही बुरशी मजलाभर फिरतेय. दर वेळी अर्धाच मार खाऊन निर्ढावलीय, नेहमीच्या औषधाला जुमानत नाही. त्यात तुमची साखर चढलेली, म्हणजे तिला आयतं माहेर. दुसरी गोळी देते. आठ आठवडे, एक दिवस चुकवायचा नाही. साखर ताब्यात, टॉवेल वेगळा. आणि तोवर बाळाला हात लावायचा नाही."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि ट्यूब कचऱ्यात टाकली.

माहीमला भावाकडे बारसं झालं तेव्हा माझा पाचवा आठवडा होता. खाज केव्हाच गेलेली, डागही पुसट. पाळण्याभोवती चाळीतल्या बायका म्हणाल्या, "अगं घे की! खाज थांबली ना?" माझंच वाक्य माझ्याच तोंडावर. हात नुसते शिवशिवत होते. मी ते पाठीमागे बांधले.

"खाज थांबलीय. औषध संपलं नाही."

तेवढ्यात शेजारच्या गंगुबाई कोपर खाजवत पुढे सरसावल्या. "मगे मी घेतंय गो."

मी आडवी आले. "गंगुबाई, मागच्या महिन्यात ट्यूब तुमच्याकडेच होती."

आता भर बारशात भांडण, असंच मला वाटलं. गंगुबाईंनी आपल्या कोपराकडे बघितलं, मग बाळाकडे. आणि हात मागे घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

मी तशीच वाकले आणि भाचीच्या कानात नाव सांगितलं, सलोनी. डोळे भरून आले, ते पुसायलाही हात पुढे आणले नाहीत.

"तुझी डॉक्टरीण खय बसता गो?" गंगुबाई कुजबुजल्या.

"परळला. उद्या दहाला तयार राहा, अख्खा मजला नेतेय. आणि तीन आठवड्यांनी पहिली मांडी माझी."